फक्त दोघांची सहल

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५, खामगाव

शैलजाताईंनी सांगितलं म्हणून लिहितो आहे. शैलजाताई म्हणजे आमच्या दत्तक प्रकरणाच्या समाजसेविका. गृहभेटीचा अहवाल तीन वर्षांनी जुना होतो, म्हणून त्या परवा पुन्हा आल्या. स्वयंपाकघर, संडास, गच्चीचा कठडा, सगळं पाहिलं आणि जाताना मला म्हणाल्या, "सर, मागच्या वेळीही तुम्ही काहीच बोलला नव्हतात. मनात काही शंका?" मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "मग जे काही नाही, ते एका वहीत लिहून ठेवत जा."

तर लिहितो. शंका नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, रेवती जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. दोघांनाही मूल हवं आहे. नोंदणी करून तीन वर्षं सात महिने झाले. आता कधीही निरोप येऊ शकतो. आला की अठ्ठेचाळीस तासांत दत्तकाच्या सरकारी पोर्टलवर होकार द्यायचा, नाही दिला तर नंबर मागे जातो. हे रेवतीनं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं आहे. दोन महिने झाले, ती फोन घेऊन आंघोळीला जाते. नोंदणीत मोबाइल नंबर माझा आहे, त्यामुळे माझाही फोन घेऊन जाते.

शैलजाताईंची एक गोष्ट मात्र पटली. "मूल येण्याआधी दोघंच कुठंतरी जाऊन या. पुढे वर्षभर जमणार नाही." रेवतीला लांब जायचं नाही. म्हणून मी संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एक कृषी पर्यटन केंद्र शोधलं. जलतरण, नौकाविहार, तंबूत मुक्काम. चार दिवसांचं वेळापत्रक करून प्रिंट काढली.

गुरुवार, ३० ऑक्टोबर, केंद्रावर, संध्याकाळी

आल्यापासून डोकं भणभणतं आहे.

शेगाव ओलांडल्यावर रेवतीनं पर्स चाचपली. "फोन कुठे आहेत?"

मी म्हटलं, "सरप्राइज! दोन्ही घरी कपाटात. चार दिवस फक्त तू आणि मी."

वाटलं होतं हसेल. वरवट बकाल गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग एकच शब्द बोलली, "काऊन?"

तिचं माहेर देऊळघाटचं. एरवी शाळेत शिकवते तसं छापील बोलते, पण रागावली की गावची बोली बाहेर येते, 'का'चं 'काऊन' होतं. मी समजावलं की दिवाळीच्या सुट्ट्या आहेत, सरकारी कामं या दिवसांत हलत नाहीत, तीन वर्षं सात महिने निरोप आला नाही तो नेमका आत्ता कसा येईल. ती म्हणाली, "गाडी परत फिरव." तेवढ्यात इंजिन तापलं आणि विषय तिथेच राहिला. बोनेट उघडून तासभर उन्हात उभा होतो. ती बाभळीखाली बसून होती.

केंद्राबद्दल लिहायचं तर, आमच्याशिवाय एकही पाहुणा नाही. तंबू म्हणजे लग्नातला मंडप, तिन्ही बाजूंनी शिवलेला. चौथी बाजू "उद्या शिवून देतो." जलतरण आणि नौकाविहार एकाच ठिकाणी, म्हणजे शेततळ्यात. मालक पुण्याला राहतो. इथं कचरूभाऊ आणि त्याची बायको मनकर्णाबाई, दोघंही साठीच्या घरातले, सगळं बघतात.

रेवतीनं आल्या आल्या कचरूभाऊकडे फोन मागितला. तो म्हणाला, "बाई, फोन हाय, पण रिचार्ज नाई. अन् येथी टावरच नाई येत. थ्या टेकडीवर जा लागते." शिवाय शैलजाताईंचा नंबर पाठ कुणाला आहे? रेवतीनं जाहीर केलं की उद्या ती एसटीनं परत जाणार.

एक गोष्ट इथं लिहून ठेवतो, कारण ही वही ती वाचणार नाही. माझा फोन घरी नाही. बंद करून डिकीत स्टेपनीखाली ठेवला आहे. अडीअडचणीला एक फोन जवळ असावा, एवढंच. तिला सांगितलं तर ती तो घेऊन चारही दिवस टेकडीवर बसेल. मग सहलीला अर्थ काय? मूल आल्यावर ती त्याचीच होणार आहे. शाळेत चाळीस पोरांची असतेच. चार दिवस माझी असावी, यात काय चुकलं?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर, दुपार

पडून लिहितो आहे. उजवा खांदा हलत नाही.

सकाळी रेवतीनं बॅग भरली होती. एसटी साडेदहाची. मी म्हटलं, "निदान एकदा नौकाविहार करू, मग जा." तिनं नकार दिला. म्हणून मी एकटाच गेलो. नौका म्हणजे चार निळी पिंपं आणि वर बांधलेली फळी. तळ्याच्या मधोमध आल्यावर एक पिंप सुटलं.

मला पोहता येतं. पण शेततळ्याला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. काठाला लागलो, हात टेकवला, घसरलो. पुन्हा टेकवला, पुन्हा घसरलो. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी घर्षण शिकवतो. आज घर्षण शून्याच्या जवळ आलं की माणसाचं काय होतं ते कळलं. माणूस "रेवती, रेवती" असं ओरडतो.

ती धावत आली. मला पाहून आधी हसली. हो, हसली. मग तिच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाही. तिनं ओढणी टाकली, ती पुरली नाही. ती पोटावर पालथी झाली आणि हात लांबवून ओरडली, "शंतनू, मरू नको! अर्ज दोघांच्या नावावर आहे!"

हे मी विसरणार नाही. पंधरा वर्षांच्या संसारानंतर माणूस बुडत असताना बायकोला अर्ज आठवतो.

कचरूभाऊनं म्हशीचं दावं टाकलं, तेव्हा निघालो. काठावर आपटून खांदा दुखावला. रेवती माझं डोकं मांडीवर घेऊन बराच वेळ रडत होती, पण मी रागातच होतो. कचरूभाऊ म्हणाला, "साहेब, नाव पाहाले असते, बसाले नसते. ते फोटोसाठी हाय."

एसटी चुकली. मला ताप भरला आहे. ती थांबली आहे.

तोच दिवस, संध्याकाळ

ताप एकशे एक. मनकर्णाबाईनं खांद्याला गरम वाळूनं शेक दिला. रेवती चुलीपाशी तिच्याशी गप्पा मारत बसली आहे. माझ्याशी बोलत नाही, तिथं मात्र हसण्याचे आवाज येत आहेत. दत्तकाचं सगळं त्या बाईला सांगितलं. मनकर्णाबाई म्हणत होती, "मंग साहेब असे चिडचिडे काऊन?" रेवती काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

शनिवार, १ नोव्हेंबर, संग्रामपूर, एसटी स्टँड, संध्याकाळी साडेपाच

बस लागायची आहे. सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी ताप उतरला. आवरून निघेपर्यंत बारा वाजले. बघतो तर मागच्या चाकात काटा. मी रेवतीला म्हटलं, "तू आत जा, चहा सांग." ती म्हणाली, "तुझा खांदा दुखतो, मी जॅक धरते." मी म्हटलं, कचरूभाऊ आहे. ती म्हणाली, "मग तो स्टेपनी काढेल." त्यानं काढली. खाली टॉवेलात गुंडाळलेला माझा फोन.

कचरूभाऊ म्हणाला, "साहेब, हा तुमचाच हाय ना? तुमी तं म्हणे घरी राह्यला."

रेवतीनं फोन उचलला आणि टेकडीच्या दिशेनं चालू लागली. धावली असती तर बरं वाटलं असतं. ती सावकाश चालत होती. मी मागे. स्टेपनीतही हवा नव्हती, हे कचरूभाऊ पाठीमागून ओरडून सांगत होता.

टेकडीवर फोन सुरू झाला. एक काडी रेंज. आधी काहीच नाही, मग निरोप पडू लागले आणि थांबेचनात. शैलजाताईंचे एकोणीस फोन. शेवटचा निरोप, 'सर, कृपया जिथे असाल तिथून संपर्क करा.' आणि सगळ्यात खाली, गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आलेला पोर्टलचा. गुरुवारी चार दहाला मी तंबूची चौथी बाजू कुठे आहे म्हणून भांडत होतो.

आता शनिवारचा पाऊण वाजला होता, मुदत चार दहापर्यंत. त्या एका काडीवर पोर्टल उघडेना, शैलजाताईंना फोनही लागेना.

रेवती माझ्याकडे वळली. "तुले पोरगं नको असन तं तसं सांग. मी ऐकून घेईन. पण हे असं काऊन करून राह्यला तू?"

"मी काही केलं नाही. फोन बंद होता."

"फोन कोणं बंद केला?"

वर्गात मी मुलांना नेमकं असंच पकडतो.

खाली आलो तेव्हा कचरूभाऊनं रस्त्यावर कापसाची मेटॅडोर थांबवून ठेवली होती. केबिनमध्ये जागा नव्हती. ड्रायव्हर कापसावर बसा म्हणाला. मनकर्णाबाईनं रेवतीच्या हातात भाकरीचं फडकं कोंबलं. "पोरीले पाहाले चालली, उपाशी नको जाऊ." पोरगी आहे की पोरगा, हे आम्हालाही माहीत नव्हतं.

कापसावर बसणं मऊ असेल असं कुणाला वाटत असेल तर ते खोटं आहे. माणूस खाली खाली जातो आणि उकडून निघतो. मी एका हातानं दोर धरला होता. रेवती दोन्ही हातांनी फोन. बॅटरी अकरा टक्के. मी म्हटलं, "स्क्रीन बंद कर, वाचेल." तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी संग्रामपूरपर्यंत बोललो नाही.

वाटेत मेंढरं, मग दोन ट्रॅक्टर, मग डिझेल. संग्रामपूरला उतरलो तेव्हा तीनला दहा कमी. संगणकावर पोर्टल उघडायला सेवा केंद्रात गेलो, तिथं बायकांची रांग, कसल्याशा योजनेच्या अंगठ्यासाठी. संगणकावर मयुरी नावाची तरुण मुलगी होती. ती म्हणाली, "सर, लाइन आत्ताच आली, सर्व्हर स्लो आहे, रांगेत या." रेवतीनं रांगेकडे तोंड करून सगळं सांगितलं. सगळं. फोनचं, स्टेपनीचंसुद्धा. लोकांसमोर ती मला 'अहो' म्हणते, पण आज तेही विसरली. "या माणसानं फोन लपवला," असं म्हणाली. वीसेक बायका माझ्याकडे बघू लागल्या. पुढची म्हातारी, शालूबाई, म्हणाली, "पयले हिचं होऊ द्या वं पोरी."

पासवर्ड मला आठवेना. रेवतीनं न विचारता टाकला. ओटीपी आला तेव्हा फोन दोन टक्क्यांवर होता. आकडे वाचले आणि तो विझला.

मग फोटो उघडला.

मुलगी. दोन वर्षं दोन महिने. संस्थेत नाव राखी. पिवळा झगा, एका पायात मोजा. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाजूला कुणाकडे तरी बघते आहे आणि चिडलेली आहे. कुणीतरी तिच्या हातातलं काहीतरी नुकतंच काढून घेतलं असावं.

रेवतीनं स्क्रीनला बोट लावलं आणि लगेच काढलं.

खाली वैद्यकीय अहवाल होता. वजन थोडं कमी, लसी झालेल्या, डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी म्हटलं, "कानाचं एकदा डॉक्टरांना विचारायला हवं. घाईत ठरवण्यासारखं नाही." मी काही गैर बोललो नाही. नवी गाडी घेतानाही आपण विचारतो.

घड्याळात तीन वीस.

रेवतीनं माउसवरचा हात काढला, खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, "तू दाब. नाहीतर नको दाबू. एकटीच्या होकारानं मला मूल आणायचं नाही." ती पुन्हा छापील बोलत होती. त्याची मला जास्त भीती वाटली.

मी बाहेर आलो. पानटपरीशेजारी उभा राहिलो. टपरीवाला दोनदा म्हणाला, काय देऊ. मला काय हवं ते कळेना.

आम्ही दोनदा दवाखान्यातून रिकाम्या हातानं परत आलो आहोत. दुसऱ्या वेळी सातवा महिना होता. लोक यायचे, रेवतीजवळ बसायचे. मी चहा करायचो. कुणी मला काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी काही नाही म्हणालो असतो. त्या वेळी एक पाळणा आणला होता. तो परत द्यायला मी एकटा गेलो. दुकानदार म्हणाला, "वापरलेला नाही ना?" हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. टपरीपाशी ते का आठवलं, माहीत नाही. कानाचा आणि त्याचा काही संबंध नाही.

रेवती बाहेर आली. शेजारी उभी राहिली. ओरडली नाही.

"कशाची भीती वाटते?" तिनं विचारलं.

मी कान म्हणणार होतो. तोंडातून निघालं, "ती आली आणि तिला मी आवडलोच नाही तर?"

रेवती म्हणाली, "मले तू रोज आवडतो का? काल तळ्यात होता, तवा तं अजिबात नाई."

मला हसू आलं. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. टपरीवाल्यानं न मागता पाण्याचा ग्लास पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा भर बाजारात रडलो. संग्रामपुरात माझे तीन माजी विद्यार्थी तरी असतील.

आत गेलो. तीन सत्तेचाळीस. सर्व्हर गोल गोल फिरत होता. तीन एक्कावन्नला पान उघडलं. मी माउस धरला, पण उजवा खांदा उचलेना, म्हणून रेवतीनं माझा हात खालून धरला. होकार दाबला. पान पांढरं झालं आणि तसंच राहिलं. तीन अठ्ठावन्नला हिरव्या अक्षरांत आलं की बालक तुमच्यासाठी राखून ठेवण्यात आलं आहे. मयुरीनं न सांगता दोन प्रती छापल्या.

शालूबाई म्हणाली, "झालं का? मंग उठा आता, माहा अंगठा राह्यला."

सोमवार, ३ नोव्हेंबर, खामगाव

गाडी अजून तिकडेच आहे. दोन्ही फोन रेवतीकडे. मला वापरायचा असेल तर मागावा लागतो.

रेवती बोलते, पण मोजून. काल विचारलं, "अजून रागावली आहेस?" ती म्हणाली, "हो. पण त्याचं तुला काही करायचं नाही. मी माझी रागावून घेईन." असल्या वाक्याचं माणसानं काय करावं?

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. अहवाल पाहून ते म्हणाले, उजवा कान उत्तम आहे, बोलणं येईल, फक्त तिच्या उजवीकडून बोलत जा. दोन मिनिटांचं काम होतं.

शैलजाताईंचा फोन आला. सहल कशी झाली म्हणाल्या. रेवतीनं फोन माझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिली. मी सगळं सांगितलं, डिकीसुद्धा. त्या म्हणाल्या, "सर, हे मला अहवालात लिहावं लागेल." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही स्वतः सांगितलंत, हेही लिहीन."

बुधवार, १९ नोव्हेंबर, संस्थेच्या गावी, लॉजवर

आज राखीची पहिली भेट. जे झालं ते लिहितो. माझ्या मते फारसं चांगलं झालं नाही.

संस्थेच्या खोलीत सतरंजी, खेळणी, भिंतीवर रंगवलेला मोर. चपला दाराबाहेर काढायच्या. राखीला आणलं तेव्हा ती झोपेतून उठलेली आणि फोटोइतकीच चिडलेली. रेवतीनं काहीच केलं नाही, नुसती मांडी घालून बसली आणि एक ठोकळा दुसऱ्यावर ठेवला. दहा मिनिटांत राखी तिच्याजवळ. वीस मिनिटांत तिच्या ओढणीत.

मी उजवीकडे बसलो, ठरल्याप्रमाणे. नीट, स्पष्ट आवाजात म्हटलं, "राखी, मी शंतनू." राखीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जा."

संस्थेच्या ताई ओशाळल्या. म्हणाल्या, "ती नवीन माणसांशी बोलतच नाही खरं तर." म्हणजे जे मूल बोलत नाही, त्यानं बोलायचं ठरवलं ते हे. रेवती माझ्याकडे बघत होती. मी उठेन असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी उठलो नाही, फक्त सरकून दाराजवळ भिंतीला टेकून बसलो.

थोड्या वेळानं राखी उठली, माझ्यासमोरून बाहेर गेली आणि माझी एक चप्पल घेऊन आली. ती माझ्यापुढे ठेवली. मग दुसरी आणली. उजवी-डावी बरोबर लावली. दाराकडे बोट केलं. "जा."

मी उठलो, चपला उचलल्या, बाहेर ठेवल्या आणि परत येऊन तिथंच बसलो. अजून काय करणार?

तिनं पुन्हा आणल्या. मी पुन्हा ठेवल्या. तिसऱ्या वेळी ती पळत गेली. पाचव्या वेळी 'जा' इतक्या मोठ्यानं ओरडली की स्वयंपाकघरातल्या बाया दारात आल्या. सातव्या वेळी चप्पल माझ्या अंगावर टाकून किंचाळत रेवतीकडे पळाली आणि तिथून वळून बघत राहिली, मी काय करतो म्हणून. या मुलीला माझा इतका राग का यावा कळत नाही. रेवती तोंडावर ओढणी धरून बसली होती. खांदे हलत होते. ती हसत होती की रडत होती, तेही मला सांगता येणार नाही.

असं अकरा वेळा झालं. खांदा अजून दुखतो, दर वेळी वाकायचं म्हणजे त्रासच. बाराव्या वेळी तिनं चपला आणल्या, नीट लावल्या, आणि तिला दम लागला असावा, कारण ती माझ्याकडे पाठ करून माझ्या मांडीवर बसली. उजवा कान माझ्या हनुवटीशी. चपलांकडे बोट दाखवून म्हणाली, "जा."

मी चपला पुन्हा बाहेर ठेवाव्यात म्हणून ती वाट बघत होती. पण ती मांडीवर बसल्यावर मी उठणार कसा?